आर्किटेक्चर कॉलेजातील विद्यार्थी-जीवन : पालकांसाठी चार शब्द

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून दोनच शब्द ऐकू येतात, डॉक्टर आणि इंजिनिअर. एखाद्या मुलाने तिसरा शब्द उच्चारला, ‘आर्किटेक्चर’, की वडील विचारतात, “म्हणजे घराचे नकाशे काढणारा ना? मग त्याला पाच वर्षे कशाला?” प्रश्न रास्त आहे. त्या पाच वर्षांत मूल करते तरी काय, एवढेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे. कारण या शिक्षणातून अर्ध्यावर परतलेली काही मुले मी पाहिली आहेत. त्यांना अभ्यास झेपत होता. घरच्यांना मात्र तो अभ्यास वाटत नव्हता.

प्रवेशाचे थोडक्यात सांगतो. बारावीला गणित हवे, आणि ‘नाटा’ किंवा जेईईचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो. पदवीनंतर १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाप्रमाणे परिषदेकडे नोंदणी होते. त्याखेरीज कोणालाही स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून घेता येत नाही. बाकीची माहिती पुस्तिकेत मिळेल.

आता कॉलेजच्या आत चला. उदाहरण म्हणून अहमदाबादचे घेऊ. बाळकृष्ण दोशी यांचा जन्म १९२७ साली आपल्या पुण्यात झाला. मुंबईच्या जे.जे. मध्ये शिकून, पुढे पॅरिसला ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली काम करून ते परतले आणि १९६२ साली त्यांनी अहमदाबादेत आर्किटेक्चरची शाळा सुरू केली. १९७२ साली तिला नगरनियोजनाची जोड मिळाली, आणि २००५ साली तिचे ‘सेप्ट’ हे विद्यापीठ झाले. २०१८ साली दोशींना प्रिट्झकर हा वास्तुकलेतील जगन्मान्य पुरस्कार मिळाला. तो मिळवणारे ते पहिले भारतीय. शाळेची इमारतही त्यांचीच. उघड्या विटांच्या भिंती, उत्तरेकडून येणारा शांत उजेड, आणि बंदिस्त वर्गांऐवजी मोकळे, उंच स्टुडिओ. पहिल्या वर्षाचा मुलगा वरच्या वर्गातील मुलांचे काम येता-जाता पाहतो आणि त्यातूनच निम्मे शिकतो.

या स्टुडिओतच पाच वर्षे जातात. येथे पाठ करण्यासारखे फार थोडे असते. पहिल्या वर्षी हाताने रेघ मारायला शिकवतात. सरळ, एकसारख्या जाडीची रेघ. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, सेट-स्क्वेअर, पेन्सिली. संगणक नंतर येतो. घरी पालक पाहतात की पोरगा रात्री दोन वाजता पुठ्ठा कापतो आहे, बोटाला चिकटपट्टी लावली आहे, सगळीकडे फेव्हिकॉल. मग साहजिकच कोणी तरी म्हणते, “हे काय बालवाडीचे खेळ?” पण पुठ्ठ्याचे घर करून पाहिल्याखेरीज जिना कोठे डोक्याला लागेल आणि दुपारचे ऊन कोणत्या खोलीत शिरेल हे कळत नाही. सिमेंटमध्ये केलेली चूक मोडायला हातोडा लागतो. पुठ्ठ्यातली चूक कात्रीने निघते.

बहुतेक ठिकाणी सुरुवातीलाच मुलाला स्वतःचे घर मोजायला सांगतात. टेप घेऊन तो प्रथमच आपल्या दोन खोल्यांकडे पाहतो. ओट्याची उंची साधारण ऐंशी-पंच्याऐंशी सेंटिमीटर धरतात. अम्मी ज्या ओट्यावर वीस वर्षे वाकून पोळ्या लाटते तो केवढा आहे, आणि स्वयंपाकघराला खिडकीच नाही, हे कागदावर उतरते. असा नकाशा काढताना गप्प झालेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

मग येते ‘ज्यूरी’. मूल आपले तक्ते भिंतीवर लावते आणि शिक्षक, बाहेरून आलेले आर्किटेक्ट सर्वांसमोर त्याची तपासणी करतात. तीन रात्री जागून केलेल्या कामावर कोणी लाल पेन्सिलीने आडवी रेघ ओढतो. शाळेत पहिला नंबर काढणाऱ्यांना हे फार लागते. मूल घरी येऊन न बोलता झोपते. पालकहो, त्या दिवशी “तरी सांगत होतो” हे वाक्य कृपा करून बोलू नका. पहिल्या दोन वर्षांत कमी गुण पडलेले विद्यार्थी पुढे उत्तम काम करताना दिसतात. हात आणि नजर तयार व्हायला वेळ लागतो, आणि तो वेळ प्रत्येकाचा वेगळा असतो.

येथे आपल्या समाजाबद्दल एक बोलतो. आपल्यात गवंडी आहेत, सुतार आहेत, फॅब्रिकेशनवाले, फरशी बसवणारे आहेत. सुट्टीत बापाबरोबर कामावर गेलेल्या मुलाला विटेचा सांधा, लिंटेल, पाण्याचा उतार ठाऊक असतो. शहरी शाळेतील मुलाला तेच दुसऱ्या वर्षी पुस्तकातून शिकावे लागते. तरी आपला मुलगा वर्गात बापाचा धंदा सांगायला लाजतो. लाजण्याचे कारण काय? औरंगाबादचा बीबी का मकबरा आपण सर्वांनी पाहिला आहे. तेथील लेखात वास्तुकार अताउल्ला आणि हंसपतराय ही नावे आहेत. अताउल्ला हा ताजमहालचे उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. बापाचा हुन्नर मुलाने पुढे नेला, आणि त्याचे नाव इमारतीवर राहिले.

मुलींच्या पालकांना विशेष सांगायचे आहे. आज अनेक कॉलेजांत मुलींची संख्या मुलांच्या बरोबरीची, कोठे अधिकही आहे. अडचण गुणांची येत नाही. ती अभ्याससहलीच्या वेळी येते. जुने वाडे, मशिदी, मंदिरे, वस्त्या टेपने मोजून त्यांचे नकाशे करणे हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. अहमदाबादचे विद्यार्थी पोळांतील लाकडी घरे पाहतात, सरखेजचा रोजा पाहतात, सिदी सय्यदच्या मशिदीतील १५७२-७३ च्या जाळीसमोर वही घेऊन बसतात. मुलीला परवानगी नाकारली की तिची सहल बुडते आणि त्याबरोबर तो अभ्यासही. काळजी वाटणे स्वाभाविक आहे. कॉलेजला भेटा, सोबत कोणत्या शिक्षिका आहेत, मुक्काम कोठे आहे, सारे विचारा. आणि मग जाऊ द्या.

आर्किटेक्चरच्या शेजारीच नगरनियोजनाची चार वर्षांची पदवी आहे. तिच्याकडे आपली मुले वळतच नाहीत, याचे मला वाईट वाटते. १९६६ च्या नगररचना अधिनियमाप्रमाणे गावाचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो आणि ठराविक मुदतीत हरकती मागवल्या जातात. रस्ता कोणाच्या घरावरून जाणार, शाळेची जागा कोठे, कब्रस्तानला जमीन किती, हे त्या रंगीत नकाशावर ठरते. आपण मुदत संपल्यावर, बुलडोझर आला की जागे होतो. तो नकाशा वाचणारे एक तरी मूल प्रत्येक तालुक्यात आपल्याकडे का असू नये?

शेवटी पैशाचे. फी वर्षातून एकदोनदा भरायची असते, पण येथे खर्च आठवड्याला लागतो. कागद, माउंटबोर्ड, छपाई, पुढे संगणक. शिष्यवृत्तीत फी येते, माउंटबोर्ड येत नाही. गरीब मूल सबमिशनच्या दिवशी गैरहजर राहते, आणि शिक्षकांना वाटते आळशी आहे. म्हणून विश्वस्तांना माझी विनंती आहे की संस्थेच्या वाचनालयात एक कपाट या साहित्यासाठी द्यावे. पाचवे वर्ष संपवलेल्याने आपला बोर्ड आणि साधने तेथे ठेवावीत, नव्याने ती सही करून न्यावीत. वाचनालय परीक्षेच्या दिवसांत रात्री उघडे असतेच. तेथे दोन मोठी टेबले वाढवली तर एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्या घरातील मुलालाही रेघ मारायला जागा होईल. पहिला बोर्ड मी आज सोबत आणला आहे. तो कार्यालयात ठेवून जातो.