जागता सोबती

पस्तीस वर्षें शाळेंत घालविलेल्या माणसास एक विद्या आपोआप साध्य होते. वर्गांतील कोणता मुलगा उघड्या डोळ्यांनीं झोपला आहे, हें त्यास दुरून ओळखतां येतें. एका प्रवासांत ही विद्या जवळ असूनहि मीं ती वापरली नाहीं. त्या चुकीविषयीं आज चार शब्द बोलणार आहें.

२०२४ च्या मे महिन्यांत आम्ही एका लग्नासाठीं नाशिकहून समृद्धि महामार्गानें नागपुरास निघालों. पुतण्या दिवसभर कचेरींत काम करून आला आणि रात्रीं अकरा वाजतां गाडी चालवावयास बसला. ऊन टळेल, सकाळचा मुहूर्त साधेल, हा हिशेब सर्वांस पटला. चालविणाऱ्याच्या झोपेचा हिशेब मात्र कोणींच मांडला नाहीं. जालना मागें पडल्यावर, पहांटे तीनच्या सुमारास, त्याच्या पापण्या जड झालेल्या मीं पाहिल्या. तो रागावेल, या भिडेनें मी गप्प राहिलों. थोड्याच वेळानें गाडी कडेची पांढरी रेषा ओलांडून कठड्याकडे वळली. मी ओरडलों, तो दचकला, आणि गाडी कशीबशी सावरली.

थोडें गणित पाहूं. या मार्गावर मोटारींस ताशीं १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. त्या वेगानें गाडी एका सेकंदांत ३३ मीटर जाते. म्हणजे तीन सेकंदांच्या डुलकींत सुमारें १०० मीटर ती कोणीहि न चालवितां धांवते! घाटांतील वळणें माणसास जागें ठेवतात. सरळ, एकसुरी रस्ता त्यास झोपवितो. पहांटे दोन ते सहा आणि दुपारीं जेवणानंतर झोप अधिक अनावर होते. खिडकी उघडणें किंवा गाणीं लावणें हे क्षणाचे उपाय होत. चहाचाहि गुण येण्यास कांहीं वेळ लागतो. सुरक्षित जागीं थांबून वीस मिनिटें डोळे मिटावे, हें बरें. आदल्या रात्रीं पुरती झोप घ्यावी, हें सर्वांत बरें.

निघण्यापूर्वीं, टायर थंड असतांना, त्यांतील हवा तपासावी. ती किती हवी, हें बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलें असतें. स्टेपनी विसरूं नये. मागें बसणाऱ्यांनींहि पट्टा बांधावा. दर दोन तासांनीं खालीं उतरून पाय मोकळे करावे. गाडी बंद पडल्यास ती शक्य तितकी कडेस घेऊन सर्वांनीं कठड्यापलीकडे उभें राहावें आणि ११२ या क्रमांकावर मदत मागावी.

परंतु सर्वांत महत्त्वाचें काम सोबत्याचें आहे. चालविणाऱ्याशेजारची जागा आपण वडील माणसास मानानें देतों. त्या मानाबरोबर जागें राहण्याची आणि वेळेवर बोलण्याची जबाबदारी येते. "बाळ, गाडी थांबव," एवढे तीन शब्द मीं दहा मिनिटें आधीं उच्चारावयास हवे होते.

त्या रात्रीं पुढील पेट्रोलपंपावर आम्ही थांबलों. पुतण्या उजाडेपर्यंत झोपला. नागपुरास पोहोंचलों तेव्हां अक्षता पडून गेल्या होत्या. वधूपित्यानें एका शब्दानेंहि बोल लावला नाहीं. त्यानें आधीं गाडींतून उतरणारीं माणसें मोजलीं आणि मग पाणी आणावयास सांगितलें.