उरलेले दिवस



आपल्या अनुमतीने मी बसूनच बोलणार आहे. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान दरवर्षी योजले जाते, त्यांनी आम्हांला बसून उत्तर कधी देऊ दिले नाही. परंतु माझ्या पाठीचे मणके आता कोणाचीच शिस्त मानीत नाहीत. चिटणीसांनी विषयाची निवड माझ्यावर सोपविली होती. जन्मभर रसायनशास्त्र शिकविलेला मनुष्य एखाद्या शास्त्रीय विषयावर बोलेल, अशी त्यांची अपेक्षा असावी. ती मी थोडीशीच पुरी करणार आहे.

मला प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग आहे. तो हाडांत उतरला आहे आणि तो बरा होणारा नाही. गेले दोन महिने मी आपल्याच शहरातील एका हॉस्पिसमध्ये राहतो. ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु माझ्यासमोर तिचा उच्चार कोणी करीत नाही. म्हणून आरंभी मीच तो करून टाकला.

हॉस्पिस या शब्दाला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द अद्याप रुळलेला नाही. मध्ययुगीन युरोपात यात्रेकरूंना, थकल्याभागल्या वाटसरूंना आणि आजाऱ्यांना आसरा देणारी धर्मगृहे असत, त्यांचे हे नाव. आपण तर अहिल्यादेवींच्या नगरीचे रहिवासी. त्या माउलीने देशभरच्या तीर्थक्षेत्री ज्या धर्मशाळा बांधल्या, त्यांची आठवण ठेवली की हॉस्पिसचा अर्थ कळण्यास अडचण पडू नये. धर्मशाळेत कोणी कायमचे राहावयास जात नाही, आणि तेथे उतरण्यात नामुष्कीही नसते.

या जुन्या शब्दाला आजचा अर्थ दिला तो सिसिली सॉन्डर्स या इंग्रज बाईंनी. त्या आधी परिचारिका होत्या, पुढे रुग्णांच्या सामाजिक अडचणी पाहणाऱ्या कार्यकर्त्या झाल्या. आणि मरणाऱ्यांच्या वेदनेकडे वैद्यकाचे लक्ष वेधावयाचे तर आपणच डॉक्टर व्हावे लागेल, हे जाणून 1957 साली त्या डॉक्टर झाल्या. 1967 मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले. आपल्या देशात पहिले हॉस्पिस 1986 साली मुंबईत वांद्र्याला उभे राहिले. कर्करोगाचे शल्यविशारद डॉ. लुई डिसूझा यांची ती ‘शांती अवेदना’ संस्था. तिची शाखा पुढे गोव्यातही निघाली. कोझिकोडला 1993 पासून स्वयंसेवकांच्या बळावर घरोघरी जाऊन शुश्रूषा करण्याची पद्धत रुजली. पुण्यात सिप्ला कंपनीच्या साहाय्याने 1997 मध्ये असेच केंद्र निघाले. इतिहास एवढाच पुरे. त्यातील एक कल्पना मात्र मला जवळून पाहावी लागली. सॉन्डर्सबाईंचे म्हणणे असे की, अशा आजारातील वेदना एकट्या शरीराची नसते. मनाची, नात्यांची, पैशाअडक्याची आणि श्रद्धेची अशा सगळ्या वेदना एकमेकींत पीळ घालून बसलेल्या असतात, आणि एक सोडवावयाची तर बाकीच्यांनाही हात लावावा लागतो.

गेल्या वर्षी एका मोठ्या रुग्णालयात मला सांगण्यात आले की, ‘आता आमच्याकडे करण्यासारखे काही नाही.’ त्यानंतरचे काही आठवडे मी घरी होतो. कण्यातील वेदना अशी की, कूस बदलण्यासाठी आधी अर्धा तास मनाची तयारी करावी लागे. आमच्या घरी तीन पिढ्यांची दत्तभक्ती आहे. सायंकाळी टेंबेस्वामींची करुणात्रिपदी होते. लहानपणापासून म्हटलेली ती पदे त्या आठवड्यांत मला एकदाही शेवटपर्यंत म्हणता आली नाहीत. समाचारास येणारे सज्जन सांगत, नाम घ्या, म्हणजे वेदनेचा विसर पडेल. त्यांचा हेतू शुद्ध होता. परंतु मी आपणांस अनुभवाने सांगतो की, ती वेदना मनात दुसऱ्या कशालाही जागा ठेवीत नाही. देवाला नाही आणि नातवंडांनाही नाही. नात खोलीत आली की खाट हलेल, या भीतीने मी तिच्यावर डोळे वटारीत असे.

पुढे हॉस्पिसचे डॉक्टर घरी आले. त्यांनी मणक्यांवर किरणोपचाराची एक मात्रा देवविली आणि मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या. ही गोळी ‘दुखले की घ्या’ अशी घ्यावयाची नसते. तिचा परिणाम सुमारे चार तास टिकतो, म्हणून वेदनेने डोके वर काढण्यापूर्वीच पुढची गोळी पोटात जावी लागते. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, सायंकाळी सहा आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे झोपमोड होत नाही. सोबतीला रेचक हवेच, कारण बद्धकोष्ठ हा या औषधाचा हटकून होणारा त्रास आहे. आरंभी काही दिवस मळमळ आणि गुंगी होती; ती ओसरली. सहाव्या दिवशी मी करुणात्रिपदी पूर्ण म्हटली. त्यात चमत्कार शोधू नये. ईश्वराची कृपा गोळीच्या रूपाने येऊ शकते, असे मानण्यास माझ्या श्रद्धेची हरकत नाही.

आता रसायनशास्त्राच्या अध्यापकाला थोडी सवलत द्यावी. अफूच्या चिकातून मॉर्फिन वेगळे काढले ते झेर्ट्युर्नर या जर्मन औषधविक्रेत्याने, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. ती अफू पिकते कोठे? आपल्या माळव्यात. मंदसौर, नीमच, रतलाम या जिल्ह्यांत सरकारी परवान्याने तिची शेती होते. नीमचला सरकारी अफू कारखाना आहे. माघ-फाल्गुनात त्या बाजूला गेलेल्यांनी पांढऱ्या फुलांची शेते आणि बोंडांना चिरा देणारी माणसे पाहिली असतील. येथला माल परदेशांच्या औषधी कारखान्यांना पुरविला गेला, आणि त्याच माळव्यात हाडे कुरतडणाऱ्या वेदनेने माणसे मॉर्फिनवाचून मरत राहिली. 1985 च्या अंमली पदार्थांच्या कायद्याने व्यसनाला आळा घालताना औषधालाही जखडले. एका गोळीसाठी अनेक परवाने, आणि राज्याराज्यांतून नियम निराळे. त्यामुळे रुग्णालयांनी ते औषध ठेवणेच सोडून दिले. डॉ. राजगोपाल यांच्यासारख्यांनी अनेक वर्षे पाठपुरावा केल्यावर 2014 मध्ये कायद्यात सुधारणा झाली आणि वाट सोपी झाली. तरी अजून पुष्कळ गावांच्या औषधालयांत ही गोळी मिळत नाही. माझ्यापासून तीनशे किलोमीटरांच्या आत पिकणारे औषध मला मिळाले, हे मी माझे भाग्य समजतो. ते भाग्यावर अवलंबून असावे, हे मला मान्य नाही.

घरातूनही विरोध झालाच. माझ्या मेहुण्यांनी मुलाला बाजूला घेऊन विचारले, ‘भाऊसाहेबांना सवय लागली तर?’ वेदनेसाठी योग्य देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनने व्यसन लागण्याची भीती फार थोडी, हे डॉक्टरांनी त्यांना समजाविले. मी एवढेच म्हटले की, सवय लागण्याइतके आयुष्य लाभले तर पेढे वाटीन.

नात्यांच्या वेदनेविषयी बोलणे अधिक अवघड आहे. रोग हाडांत गेल्याचा अहवाल माझ्या मुलाने माझ्यापासून लपविला. सुनेने सासूपासून लपविला. पत्नीला तो कपाटात सापडला, तेव्हा तिने मुलाला कळू दिले नाही की आपल्याला कळले आहे. आणि मला तर पाठच सांगत होती. चार माणसांच्या घरात चौघेही एकच गोष्ट परस्परांपासून प्रेमाने झाकीत होते, आणि त्यामुळे कोणी कोणाशी धड बोलत नव्हते. डॉक्टरांनी कोणताही निर्णय ऐकविला नाही. माझ्या जवळ बसून त्यांनी विचारले, ‘आपल्याला आजाराविषयी काय ठाऊक आहे, आणि आणखी किती जाणून घ्यावयाचे आहे?’ मी म्हटले, सगळे. आणि या सर्वांसमोर. त्या रात्री आमच्या घरी रडारड झाली, आणि पुष्कळ दिवसांनी सर्वजण एकत्र जेवलो.

त्यानंतर कामे भराभर झाली. बँकेचे कागद, मृत्युपत्र. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली मान्य केलेले आणि 2023 मध्ये सुलभ केलेले पूर्वनिर्देशपत्रही मी दोन साक्षीदारांसमक्ष केले: बरे होण्याची आशा नसताना मला कृत्रिम श्वासयंत्रावर ठेवू नये. हे इच्छामरणाचे इंजेक्शन नव्हे, याची नोंद घ्यावी. या शुश्रूषेत मरण लांबवीत नाहीत आणि ओढूनही आणीत नाहीत. देवासचा धाकटा भाऊ अकरा वर्षे माझ्याशी बोलत नव्हता, वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून. तो आला. घराचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. थोडा वेळ बसला, मग म्हणाला, ‘दादा, नखे किती वाढलीत!’ आणि नखे कापून दिली. आता तो दर रविवारी येतो.

यानंतरही मी घर सोडून हॉस्पिसमध्ये का गेलो, हे सांगणे आवश्यक आहे, कारण आमच्या आळीत ‘मुलाने बापाला आश्रमात टाकले’ असे बोलले गेले आणि ते माझ्या सुनेच्या कानांवर आले. निर्णय माझा आहे. पायांतील बळ गेल्यावर मला उचलणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कुशीवर वळविणे, मूत्रनलिकेची निगा, हे सर्व सत्तरी ओलांडलेली माझी पत्नी करीत होती आणि रात्री भिंतीला टेकून झोपत होती. पन्नास वर्षांच्या संसाराच्या अखेरीस ती माझी परिचारिका झाली होती, आणि आम्हां दोघांत औषधांखेरीज बोलणे उरले नव्हते. येथे ती कामे केरळातून आलेली सिस्टर आणि तिच्या सहकारिणी करतात. पत्नी सकाळी येते, खुर्ची ओढून बसते, वर्तमानपत्र वाचून दाखविते, सरकारला आणि मला आलटून पालटून नावे ठेवते. माझी पत्नी मला परत मिळाली, असे मी म्हणतो. तिला आणि सुनेला कोणी बोल लावणार असेल, तर त्याने आधी मजकडे यावे.

एक गृहस्थ आलेही होते. त्यांनी फार हळुवारपणे सुचविले की, हे कोणत्या तरी जन्मीचे पाप असावे. मी त्यांना विचारले, रामकृष्ण परमहंसांना घशाचा कर्करोग होता, 1886 साली त्यातच त्यांनी देह ठेवला. रमण महर्षींच्या हातावर दुर्मांसाची गाठ आली, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या आणि 1950 साली ते गेले. त्यांच्या पापाचा हिशेब कोण मांडणार? दोघांनीही शिष्यांना शुश्रूषा करू दिली, डॉक्टरांना आपले काम करू दिले. मला त्यांची योग्यता नाही. मला भीती वाटते, विशेषतः पहाटे तीनच्या सुमारास. तेव्हा मी दत्तगुरूंकडे आयुष्य मागत नाही. सकाळपर्यंत कोणी तरी जवळ असावे, एवढे मागतो. बहुधा सिस्टर येते. तिच्या गळ्यात क्रूस असतो. ती काही बोलत नाही, उशी सारखी करते आणि थोडा वेळ उभी राहते.

आपल्यापैकी अनेकांनी भेटीस येण्याची इच्छा व्यक्त केली आहे. भेटीची वेळ दुपारी चार ते सहा आहे. फळे आणू नयेत. ती मला खाववत नाहीत आणि सिस्टरना वाटीत बसावे लागते. सराफ्यातील जिलबीचा तुकडा चालेल. माझी प्रकृती कशी आहे हे विचारण्यास संकोच करू नये, आणि उत्तर ऐकून विषय बदलू नये. सहा वाजता गोळीची वेळ होते, त्यानंतर करुणात्रिपदी. ज्यांना थांबावयाचे असेल त्यांनी थांबावे. खोलीत चार खुर्च्या आहेत.