काळ्या द्राक्षांची पांढरी वाइन



विषय ऐकून काही भुवया उंचावल्या असतील. वाइन प्यावी की नाही, हा वाद आम्ही येथे सोडवणार नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा अद्याप अमलात आहे आणि या राज्यात पिणाऱ्याला आजही परवाना लागतो. ती काळजी सरकारने वाहावी. आम्हांस बोलायचे आहे ते द्राक्षाविषयी, आणि द्राक्ष पिकवणाऱ्याविषयी.

मुलुंड किंवा घाटकोपर स्टेशनाबाहेरच्या गाडीवरून काळी द्राक्षे घ्यावीत आणि एकाची साल सोलून पाहावी. आतला गर हिरवट पांढरा. काळेपण सगळे सालीत. जांभळाला नि कोकमाला रंग देणाऱ्या कुळातलेच ते द्रव्य. (गरही रंगीत असलेल्या जाती आहेत, पण थोड्या.) तांबडी वाइन करताना रस सालीसकट आंबवतात, साल लगेच दूर केली तर त्याच द्राक्षाची वाइन पांढरी होते. फ्रान्सच्या शँपेन प्रांतात पिनो न्वार आणि मनिए या काळ्या जातींपासून अशी फेसाळ वाइन करतात. तिला म्हणतात ब्लाँ द न्वार, म्हणजे काळ्यांची पांढरी.

हे ऐकायला सोपे, करायला नाजूक. घड हातानेच तोडायचे, मणी फुटू द्यायचा नाही, आणि अख्खे घड हलक्या दाबाने पिळायचे. तेथील नियमच असा की ४,००० किलो द्राक्षांतून २,५५० लिटरच रस घ्यावा. अधिक लोभ केला की सालीचा रंग उतरतो आणि तुरटपणाही. पुढे तयार वाइनमध्ये थोडी साखर व किण्व घालून बाटली बंद करतात. आत पुन्हा आंबवण होते आणि वायू कोंडून राहतो. मोटारीच्या चाकातल्या हवेच्या दुपटीहून अधिक दाब! गाळ बाटलीच्या तोंडाशी आणून काढून टाकतात. शेवटी गोडी जवळजवळ ठेवायचीच नाही: ‘ब्रूट’ म्हणजे लिटरमागे साखर १२ ग्रॅमहून कमी.

आता आपल्याकडे येऊ. नाशिककडे एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि तोडणी जानेवारी ते मार्च. दुपारी ऊन तापते. फुटलेल्या मण्याचा रस गरम झाला की रंग सुटू लागतो. म्हणून तोडणी थंड वेळेत उरकावी लागते. शिवाय फेसाळ वाइनला आंबटपणा हवा, म्हणजे द्राक्ष पूर्ण गोड होण्याआधीच उतरवायचे. आमचे गिऱ्हाईक गाडीवर चाखून ‘गोड आहेत ना?’ विचारते, येथे सारा हिशेब उलटा.

खरी अडचण येथेच आहे. वाइनचे द्राक्ष बारीक, बियांचे, जाड सालीचे. वाइनरीने ते नाकारले तर मंडईत त्याला कोण विचारणार? १९८० च्या दशकात नारायणगावच्या इंडेज कंपनीने शामराव चौगुल्यांच्या पुढाकाराने फेसाळ वाइन करून परदेशी पाठवली. जुन्नर तालुक्यातून शँपेनच्या पद्धतीची बाटली निघावी, हे त्या काळी नवलच. २००८ नंतरच्या मंदीत ती कंपनी मोडकळीस आली, आणि नाशिक भागात अनेकांनी वाइनच्या वेली उपटून टाकल्या. वेल काही भाजीचा वाफा नव्हे, की या हंगामात मेथी, पुढच्यात कोथिंबीर. २०१३ साली मोएत हेनेसी या फ्रेंच कंपनीने दिंडोरीत फेसाळ वाइनचे काम सुरू केले. तिच्या पांढऱ्या ब्रूटमध्ये शेनँ ब्लाँ नि शार्दोने या गोऱ्या जातींच्या जोडीला काळी पिनो न्वार असते. निव्वळ काळ्यांची ती नव्हे.

जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा शेतकऱ्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते. त्या शेतकऱ्याच्या करारात आम्ही भावाच्याही आधी तोडणीचे कलम पाहू. आंबटपणा नेमका असतो त्या चार दिवसांत वाइनरीची गाडी आलीच नाही, तर वेलीवर गोड होत गेलेल्या मालाचे पैसे कोणी द्यायचे?