बदललेली किडनी आणि परत आलेला आजार

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



समितीने सांगितलं, आरोग्यावर दोन शब्द बोला. मी डॉक्टर नाही. पण धाकट्या भावाला मी माझी एक किडनी दिली, हे ब्राह्मणपुरीत बहुतेकांना माहीत आहे. पुढे काय झालं ते मात्र मी आजवर नीट सांगितलेलं नाही.

ऑपरेशननंतर क्रिएटिनीन उतरलं. आम्ही पेढे वाटले. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या पायांवर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला. तपासणीत लघवीतून भरपूर प्रोटीन जात असल्याचं निघालं. नातेवाईक म्हणाले, "ताईची किडनी काही लागली नाही." त्या रात्री मी खूप रडले.

बायोप्सीनंतर डॉक्टरांनी समजावलं. शरीराने किडनी नाकारलेली नव्हती. त्याचा जुनाच आजार, एफएसजीएस, नव्या किडनीत परत आला होता. किडनीत रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या असतात, त्या या आजारात खराब होतात. पुष्कळदा मूळ दोष किडनीत नसून रक्तात असतो. विहिरीवरची मोटार नवी बसवली, पण पाण्यातला गाळ तसाच राहिला, तर नवी मोटारही बिघडणारच. तसंच हे.

पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बोस्टनला झालं. रोनाल्ड हेरिक यांनी जुळा भाऊ रिचर्ड यांना किडनी दिली. दोघे हुबेहूब जुळे, त्यामुळे शरीराने किडनी नाकारण्याचा प्रश्नच नव्हता. रिचर्ड आठ वर्षं जगले, संसार केला. १९६३ मध्ये ते गेले, कारण मूळ आजार त्या किडनीतही परत आला. हे कळलं तेव्हा माझ्या मनावरचं ओझं उतरलं. दोष देणाऱ्याचा नसतो.

सगळे आजार असे परत येत नाहीत. वंशपरंपरेने किडनीत पाण्याच्या गाठी होतात, तो आजार नव्या किडनीत येत नाही. आयजीए नेफ्रोपॅथी येऊ शकते, पण बहुधा सावकाश. साखर ताब्यात नसेल तर मधुमेह नव्या किडनीलाही धरतो. म्हणून ऑपरेशनआधीच विचारा, "आमच्या माणसाची किडनी नेमकी कशाने गेली? तो आजार परत येऊ शकतो का?" आम्ही हे विचारलंच नव्हतं.

भावाचा प्लाझ्मा बदलण्याचे उपचार झाले, औषधं वाढली. हळूहळू प्रोटीन कमी झालं. प्रत्येकाला असा गुण येतोच असं नाही, पण लवकर कळलं तर हाती वेळ राहतो.

ज्यांच्या घरी असा पेशंट आहे, त्यांना हात जोडून सांगते. बरं वाटतंय म्हणून गोळ्या बंद करू नका. फेस, सूज, वाढलेलं बीपी दिसलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. अंगदुखीची गोळी मेडिकलवरून मनाने आणू नका. लघवीची साधी तपासणी चुकवू नका.

आणि शेजाऱ्यांनो, "किडनी लागली नाही" असं पटकन म्हणू नका. त्या काळात तुम्हीच आमच्या घरी डबे पाठवले, पोरांना शाळेत सोडलंत. ते मी विसरणार नाही.

भाऊ आज समोर बसला आहे. पुढच्या महिन्यात त्याची पुन्हा तपासणी आहे. आम्ही दोघं जाणार आहोत.

एवढं बोलून थांबते.