मुले ही देवाची ठेव
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला, "ख्रिस्ती घरात मुलांना वळण कसे लावतात?" माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, विद्वत्तेचे बोलणे माझ्याकडून व्हायचे नाही. शब्बाथ शाळेत जे ऐकले आणि तीन मुले वाढविताना जे उमगले, तेवढे सांगते.

आमच्या शास्त्रात मूल ही देवाची देणगी मानली आहे. म्हणजे ते आपल्या मालकीचे नव्हे, ती ठेव आहे. ठेव जपावी लागते आणि एके दिवशी तिचा हिशेबही द्यावा लागतो.

मोशेचे नियमशास्त्र सांगते, की देवाच्या आज्ञा मुलांशी घरीदारी, निजताउठता बोलत राहा. तेव्हा रविवारी मुलांना देवळात धाडले म्हणजे आपले काम संपले, असे नाही. भाजीवालीने चुकून दहा रुपये जास्त परत दिले आणि आपण ते गुपचूप पदराला बांधले, की मूल तोच धडा घेते. "आई घरात नाही म्हणून सांग," असे मुलाला सांगायचे आणि रात्री त्याच्याकडून दहा आज्ञा म्हणवून घ्यायच्या, याला काय अर्थ?

तीमथ्य नावाच्या तरुण सेवकाला पौलाने पत्र लिहिले. त्यात त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या विश्वासाची आठवण काढली आहे. तीमथ्याचे वडील ग्रीक होते. त्याला शास्त्राचे बाळकडू मिळाले ते घरातल्या बायकांकडून. पवित्र शास्त्रात एका आजीचे नाव अशा कामासाठी यावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

नीतिसूत्रांतली छडी पुष्कळांना चटकन आठवते. पण इफिसकरांच्या पत्रात मुलांना आज्ञाधारक राहायला सांगून पौल लगेच बापांनाही बजावतो, की मुलांना चिडवू नका. पहिली गोष्ट आपण मुलांकडून पाठ करून घेतो, दुसरी आपण सोयीने विसरतो.

आता कठीण गोष्ट बोलते. पुष्कळ आया डोळे पुसत सांगतात, "मुलगा मोठा झाला, आता देवळात येत नाही." अशा वेळी काय करावे? येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात बापाने मुलाला कोंडून ठेवले नाही. पण दारही लावून घेतले नाही. मुलगा दूर दिसताच तोच धावत गेला. घरातला थोरला रुसला, तेव्हा त्याची समजूत घालायलाही तोच बाहेर आला.

विश्वास दुसऱ्याच्या बळाने येत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना ते मुळीच मान्य नव्हते. पुढे स्वतः विचार करून, मन वळल्यावर त्यांनी १९०० साली तो घेतला. "स्मृतिचित्रे" वाचलेल्या मैत्रिणींना हे ठाऊकच आहे. नवऱ्याचे जे बायकोवर चालले नाही, ते आईचे वाढत्या मुलावर कसे चालावे?

म्हणून मला वाटते, मुले लहान आहेत तोवर त्यांच्याबरोबर प्रार्थना करावी. मोठी झाली की त्यांच्यासाठी करावी. बोलणे कमी करावे, पण ताट वाढणे थांबवू नये. धर्म कोणताही असो, घराचे दार उघडे ठेवणे आपणा सर्वांच्याच हाती आहे.