रोग एक, उपचार दोन
(विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा आपल्याला नवा नाही. १९६६ साली तिकडे ब्लॅक पँथर पक्ष उभा राहिला आणि १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर हे नाव घेतले. पण त्या ब्लॅक पँथरांनी वस्त्यांमधून मोफत दवाखानेही चालवले, हे थोड्यांनाच ठाऊक असेल. मोर्चे काढणाऱ्यांना दवाखाने का काढावे लागले? त्याचे उत्तर मी फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या उदाहरणावरून देणार आहे.

हा रोग अत्यंत घातक आहे. तरीही तो लवकर सापडला आणि दूरवर पसरलेला नसला, तर शस्त्रक्रियेने रोगट भाग काढून टाकता येतो व रोगी बरा होण्याची आशा असते. म्हणून या रोगात शस्त्रक्रिया कोणाला मिळते, हा जीवनमरणाचा प्रश्न आहे.

१९९९ साली डॉ. पीटर बाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसीन'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९८५ ते १९९३ या काळात निदान झालेल्या १०,९८४ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. सर्वांचे वय ६५ किंवा अधिक, सर्वांचा रोग प्राथमिक अवस्थेतला आणि सर्वांना मेडिकेअर या सरकारी विम्याचे संरक्षण. तरीसुद्धा गोऱ्या रुग्णांपैकी ७६.७ टक्क्यांवर शस्त्रक्रिया झाली, काळ्यांपैकी ६४ टक्क्यांवर. पाच वर्षांनी गोऱ्यांपैकी ३४.१ टक्के हयात होते, काळ्यांपैकी २६.४ टक्के.

कोणी म्हणेल, त्यांची शरीरप्रकृतीच निराळी असेल. पण याच अभ्यासात त्याचे उत्तर आहे. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यापैकी ४२.९ टक्के गोरे आणि ३९.१ टक्के काळे पाच वर्षे जगले. ज्यांच्यावर झाली नाही, त्यांच्यापैकी गोरे ५ टक्के आणि काळे ४ टक्के. म्हणजे उपचार सारखा मिळाला की आयुष्यही जवळजवळ सारखे. फरक मुख्यतः उपचार मिळण्या न मिळण्यात होता, रक्तात नव्हे.

मग उपचार का मिळाला नाही? कारणे अनेक आहेत. डॉ. सॅम्युएल सायकर्ट यांच्या २०१० सालच्या अभ्यासात असे दिसले, की एकाहून अधिक इतर व्याधी असलेल्या किंवा नेहमीचा डॉक्टर नसलेल्या काळ्या रुग्णांवर शस्त्रक्रिया होण्याचे प्रमाण विशेष कमी होते. त्यात अविश्वासाचीही भर पडते, आणि हा अविश्वास निराधार नाही. टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने उपदंश झालेल्या काळ्या पुरुषांना उपचाराविना ठेवून नुसते निरीक्षण केले. पेनिसिलीन उपलब्ध झाल्यावरही ते दिले नाही. हे सहन केलेला समाज डॉक्टरच्या शब्दावर एका दिवसात कसा विश्वास ठेवील?

कधी कधी नियमच अन्याय करतो, त्यात वर्णाचा उल्लेखही नसताना. २०१३ साली अमेरिकेत शिफारस झाली, की ५५ वर्षांपुढील आणि रोज एक पाकीट याप्रमाणे तीस वर्षे भरेल इतके धूम्रपान केलेल्यांची फुफ्फुस-तपासणी करावी. आता काळे धूम्रपान करणारे सरासरीने दिवसाला कमी सिगारेटी ओढतात, पण त्यांना रोग तरुण वयात गाठतो. २०१९ साली दक्षिणेकडील राज्यांतील एक अभ्यास आला. प्रत्यक्ष कर्करोग झालेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५६ टक्के गोरे या नियमात बसत होते, काळे फक्त ३२ टक्के. २०२१ साली वयाची अट ५० वर आणि धूम्रपानाची अट वीस वर्षांवर आणण्यात आली.

मित्रांनो, आता ग्रीन्सबरो या गावाकडे वळू. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील याच गावात १ फेब्रुवारी १९६० रोजी चार काळे विद्यार्थी केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले. याच गावात जॉर्ज सिम्किन्स या दंतवैद्याने इतर डॉक्टर व रुग्णांसह मोझेस कोन रुग्णालयावर खटला भरला. सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाला वर्णभेद करता येणार नाही, असा निकाल १९६३ साली अपील न्यायालयाने दिला. दार उघडले. पण दारातून आत आलेला माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचतो का, हे मोजायला पुढे कित्येक वर्षे लागली.

ते मोजण्याच्या कामात ग्रीन्सबरोचे नागरिक, संशोधक आणि तेच रुग्णालय एकत्र आले. पद्धत साधी होती. रुग्णाची तारीख चुकली की संगणक इशारा देई. प्रशिक्षित परिचारिका फोन करून अडचण विचारी आणि ती दूर करी. डॉक्टरांना त्यांचे किती काळे व किती गोरे रुग्ण उपचार पूर्ण करतात, ते आकडे दाखवले जात. अशाच रीतीने पाच केंद्रांत फुफ्फुसाच्या कर्करोगावर झालेल्या कामाचे निष्कर्ष डॉ. सायकर्ट व सहकाऱ्यांनी २०१९ साली मांडले. पूर्वी ७८ टक्के गोऱ्यांना आणि ६९ टक्के काळ्यांना रोग बरा करणारा उपचार मिळत होता. आता ते प्रमाण ९५ आणि ९६.५ टक्के झाले. लक्षात घ्या, गोऱ्यांचेही काही हिरावले गेले नाही, उलट त्यांचाही फायदाच झाला. मागे राहिलेल्यासाठी केलेली सोय सर्वांच्या कामी आली.

यातून आपण काय घ्यावे? हक्क कायद्यात लिहिला गेला म्हणजे तो रुग्णाच्या खाटेपर्यंत आपोआप पोहोचत नाही. वाटेत तो कुठे अडतो, हे कोणीतरी मोजावे लागते आणि अडलेल्याचा हात धरावा लागतो. तुमच्यातून उद्या डॉक्टर होतील, परिचारिका होतील, कचेरीत आकडे मांडणारे कारकून होतील. तारखेला न आलेल्या रुग्णाच्या नावापुढे नुसती फुली मारू नका. तो का आला नाही, ते विचारा. आणि ज्यांच्या हाती अजून कोणतेही पद नाही, त्यांनी शेजारच्या आजारी माणसाबरोबर इस्पितळात जावे, त्याच्या वतीने प्रश्न विचारावेत, पुढची तारीख लिहून आणावी. तेवढ्यानेही एखाद्याचा जीव वाचू शकतो.