भजनाच्या रांगेतील जागा
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या भजनी मंडळाविषयी चार शब्द बोलावे अशी चिटणीसांनी आज्ञा केली, ती मी शिरोधार्य मानली आहे. अशा प्रसंगी मंडळाची स्तुती करावयाची असते, हे मी जाणतो. परंतु तीस वर्षे पेटीच्या साथीस बसलेल्या माणसाच्या मनात रांगेतून गळालेल्यांची आठवणच अधिक राहते. मृत्यूने ज्यांना नेले, त्यांच्याविषयी माझे बोलणे नाही. जे आजही आपापल्या घरी आहेत, ज्यांचा कंठ शाबूत आहे, आणि तरीही ज्यांना कोणी भजनास आणीत नाही, त्यांच्याविषयी मला बोलावयाचे आहे.

हे कसे घडते, ते आपण सर्वांनी पाहिलेले आहे. एखाद्या काकू अभंगाचे एकच कडवे दोनदा म्हणतात. शेजारीण कोपराने खुणावते. पुढील आठवड्यात त्या टाळ हातात घेऊन नुसत्याच बसून राहतात. तोच भजनस्पर्धेचे दिवस जवळ येतात आणि "काकू, यंदा तुम्ही ऐकायलाच या," असे अत्यंत गोड शब्दांत सुचविले जाते. काकू ऐकावयासही येत नाहीत.

घरच्यांना यात सुटका वाटते, आणि ती का वाटते हे या व्यासपीठावरून स्पष्ट बोलले पाहिजे. घरात नातीसाठी स्थळे पाहणे चालू असते. आजीचा विसराळूपणा चारचौघांत दिसला, तर "रोग घराण्यात आहे" अशी कुजबूज होईल, हे भय असते. वधूवरांची नोंदवही ज्या सभागृहाच्या कपाटात असते, त्याच सभागृहात आपले भजन होते. तेव्हा हे भय आपणच निर्माण केले आहे. वस्तुतः उतारवयातील स्मृतिभ्रंश हा बहुतांशी आईबापांकडून सरळ उतरणारा रोग नव्हे. एकाच सदोष जनुकामुळे पिढ्यान् पिढ्या तो चालत आला आहे अशी घराणी फारच विरळ. उलट, 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात साठीपुढील शंभरांपैकी सुमारे सात जणांना हा विकार आहे; एकूण संख्या 88 लाखांच्या घरात जाते. जी गोष्ट इतक्या घरांत आहे, ती लपवून कोणाचे कुलशील उजळणार आहे?

आता गाण्याकडे वळतो. 1745 साली स्वीडनमध्ये ओलोफ डालिन नावाच्या गृहस्थाने एका रोग्याची हकीकत लिहून ठेवली आहे. उजवे अंग लुळे पडलेल्या त्या माणसाची वाचा गेली होती. होकारापलीकडे शब्द उमटत नसे. मात्र पूर्वी पाठ केलेली स्तोत्रे तो गात असे. पुढे 1973 साली बोस्टन येथील अल्बर्ट, स्पार्क्स आणि हेल्म यांनी वाचाघाताच्या रोग्यांना सुरातून बोलावयास शिकविण्याची पद्धती मांडली. स्मृतिभ्रंशातही, कालचे जेवण आठवत नसताना बालपणीची चाल पुष्कळदा शब्दांसकट ओठांवर येते. इंग्लंडमध्ये तेथील अल्झायमर संस्थेच्या वतीने 2003 पासून अशा माणसांचे सामुदायिक गायनाचे वर्ग चालतात. गाण्याने हा रोग बरा होत नाही, हेही सांगितले पाहिजे. तसे सांगणारा कोणी भेटला तर त्याच्यापासून दूर राहावे. गाण्याने मिळतो तो एखादा तास. पण त्या तासात ते माणूस चारचौघांतले एक असते.

इंग्लंडातील मंडळींना जी रचना योजून करावी लागली, ती आपल्याकडे भजनाच्या अंगभूतच आहे. बुवांनी म्हणावे, टाळकऱ्यांनी झील धरावी. ध्रुपद पुनःपुन्हा यावे. नामाचा गजर, रूपाचे अभंग, हरिपाठ, गौळण, पसायदान, आरती हा क्रम ठरलेला. पुढे काय येणार हे लक्षात ठेवण्याचे ओझे एकट्यावर पडतच नाही. हे ओझे आपण अलीकडे लादले, ते स्पर्धेच्या हौसेने. दरवर्षी नव्या चाली, आणि त्याही पाठच पाहिजेत! जुने माणूस नव्या चालीशी अडखळते. त्याला लहानपणची चाल द्या, मग पाहा. माझ्या मते स्पर्धेसाठी निराळा संच करावा आणि साप्ताहिक भजन तिच्यापासून मुक्त ठेवावे. काही तरुण मंडळींना हे रुचणार नाही, याची मला कल्पना आहे.

बाकीची व्यवस्था अगदी साधी आहे. विसर पडणाऱ्याच्या शेजारी नेहमी एकच खात्रीचा सोबती बसवावा आणि त्याने कडव्याचा पहिला शब्द किंचित आधी उच्चारावा. चूक झाली तरी रांगेत कोणी वळून पाहू नये. अभंग मोठ्या ठळक अक्षरांत लिहून, एका पानावर एकच, असे द्यावेत. गुडघ्यांनी सतरंजीचा निरोप घेतलेल्यांसाठी खुर्च्या रांगेतच मांडाव्यात, भिंतीकडेला नव्हे. श्रवणयंत्र लावणाऱ्यास झांजांच्या शेजारी बसविणे म्हणजे छळ होय. दमेकऱ्यांसाठी धूप-उदबत्ती गाभाऱ्यापुरती ठेवावी आणि पट्टी एखाद-दुसरा स्वर खाली आणावी. पेटीवाल्याची त्याला हरकत नाही, हे मी येथेच सांगून टाकतो.

कंपवाताच्या माणसाचा आवाज बारीक होत जातो व त्याचे त्याला कळत नाही. त्याला मोठ्याने गावयास लावणे हिताचे असते. मात्र त्याच्या औषधाचा अंमल ठराविक तासांनी ओसरतो. म्हणून तालमीची वेळ त्याला विचारून ठरवावी. मधुमेही मंडळींचे जेवण भजनामुळे लांबते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसू लागले की, माणूस शुद्धीवर आणि गिळू शकत असेल तर, तत्काळ साखर द्यावी. आरती संपण्याची वाट पाहू नये. तोंड वाकडे होणे, हात गळणे, जीभ अडखळणे यांपैकी एक जरी दिसले तरी थेट मोठे रुग्णालय गाठावे. मेंदूतील गाठ विरघळविण्याचे औषध सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

आणखी एक. कालपर्यंत नीट असलेले माणूस एकदोन दिवसांत गोंधळले, तर त्याला म्हातारपण म्हणू नये. मूत्रमार्गाचा दाह, रक्तातील क्षार उतरणे, एखादे नवे औषध, अशी कारणे त्यामागे असू शकतात. हळूहळू वाढणाऱ्या विसराळूपणामागेही कधी थायरॉइड, कधी ब जीवनसत्त्वाची उणीव, कधी मनाचा खोल विषाद असतो. त्यांवर उपचार आहेत. रांगेत दर आठवड्यास शेजारी बसणाऱ्यास हा फरक घरच्यांच्याही आधी जाणवतो. त्याने तो घरच्यांच्या कानी हळूच घालावा. मंडळात त्याची चर्चा करू नये.

असाच नाजूक प्रश्न खजिनदारीचा आहे. वर्गणीचा हिशेब चुकू लागला म्हणजे कुजबूज होते, आणि आयुष्यभर सचोटीने वागलेल्या माणसाच्या नावास बट्टा लागतो. पैशाच्या प्रत्येक व्यवहारावर दोघांच्या सह्या, हा नियम आधीपासून सर्वांनाच लागू असावा. म्हणजे पुढे कोणाला काढण्याचा प्रसंगच येत नाही.

कार्यकारी मंडळाकडे माझी मागणी तीन गोष्टींची आहे. सभागृहाच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा बसवावा. साप्ताहिक भजन रात्री नऊऐवजी सायंकाळी पाचला भरवावे. स्मृतिभ्रंश झालेल्यांचा गोंधळ दिवेलागणीनंतर पुष्कळदा वाढतो. आणि गेल्या पाच वर्षांत ज्यांचे येणे थांबले, त्यांची यादी हजेरीपुस्तकातून काढून प्रत्येक घरी दोघांनी जाऊन यावे. हजेरीपुस्तक माझ्यापाशी आहे. ज्यांची जाण्याची तयारी असेल त्यांनी सभेनंतर मला भेटावे.